वाचून दाखवलेला कागद

हुरड्याचा वास आला की माणसांना भूक लागते. मला अपराधी वाटतं.

संक्रांत जवळ आली की जुळे सोलापुरात रस्त्याच्या कडेला ‘गरम हुरडा मिळेल’ अशा पाट्या लागतात. गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या कणसांचा गोडसर करपट वास, शेजारी शेंगाचटणीचा डबा. कोर्टातून घरी येताना तो धूर नाकात शिरला की मी स्कूटीचा वेग वाढवते. सोबतच्या वकील मैत्रिणी हसतात. मंगळवेढ्याची पोरगी आणि हुरडा खात नाही, असं कुठं असतं का, म्हणतात. मी पित्ताचं निमित्त सांगते. वकिलीत आल्यापासून निमित्तं पटकन सुचतात.

खरं तर हुरड्यावरच वाढलेली पोर मी. आमची जमीन काळी, भेगाळणारी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ज्वारी वर येते. पौषात कणसं दुधाळ भरली की सकाळी शेतात गेल्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. पाखरांना हाकलायला बाबा डबा वाजवत असायचे. आणि त्याच दिवसांत एसटीतून आत्या उतरायची. बाबांची मोठी बहीण. मंगळवेढ्यापुढं तासाभरावरच्या गावात दिलेली. दिवाळीला यायला तिला जमायचं नाही, पण हुरड्याला चार दिवस ती येणार म्हणजे येणार. बांधाजवळ खड्डा करून आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खोचायची आणि भाजून निघाली की तळहातावर रगडायची. तिच्या हाताला चटका बसायचाच नाही. दोनदा फुंकर मारून फोलपट उडवलं की पहिली मूठ माझ्या हातावर.

“खा पुजे. गार झाला की चिवट हुतो.”

पहिली मूठ माझी, हा आमच्या घरातला न लिहिलेला कायदा होता. तिची सख्खी मुलगी सवी शेजारी बसलेली असायची, तीही ओठ चावत दुसऱ्या मुठीची वाट बघायची.

मी वकिलीला गेले तीही आत्यामुळंच. बी.ए. संपत आलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांसमोर दोनच रस्ते होते, बी.एड. किंवा लग्न. मी कायद्याचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले की कोर्टात काय आपल्यासारख्यांचं काम आहे का. हे बोलणं आगटीभोवतीच झालं. आत्या कणीस रगडत होती, मान वर न करता म्हणाली, “शिकू दे की दत्ता तिला. आपल्यात एक तर कागद वाचणारी व्हईल. किती दिस तलाठ्याम्होरं नुसती मान हलवायची?”

जूनमध्ये माझा प्रवेश झाला.

सोलापुरातली ती पहिली वर्षं आठवली की अजून मजा वाटते. पांढरा कुर्ता कडक इस्त्रीचा, आणि आत भरलेलं इंग्रजी मात्र सगळं चुरगळलेलं. वर्गात एक जण तेलुगूत शिव्या घालून कलमं पाठ करायचा, एक जण दखनीत वाद घालायचा, आणि मी खोलीवर आरशासमोर उभी राहून ‘मे इट प्लीज युवर लॉर्डशिप’ म्हणून बघायचे. सुट्टीत गावी गेले की कायद्याचे दोन शब्द मुद्दाम बोलण्यात पेरायचे. बाबा त्यातलं निम्मं कळल्यासारखं करायचे. आत्याला काहीच कळायचं नाही आणि सगळ्यात जास्त कौतुक तिलाच.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा लांबल्या आणि थेट हुरड्याच्या दिवसांत आल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात आजोबा गेले होते. आजी त्यांच्याही आधी गेलेली. सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं चढली, बाबांचं आणि आत्याचं. आमच्याकडं पुढचं पाऊल ठरलेलं असतं. बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची, आणि दोघांनी डोळे पुसून जेवायला बसायचं. न सोडणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरज पडत नाही.

मंगळवारी माझा कौटुंबिक कायद्याचा पेपर होता आणि गुरुवारी आत्याचा कागद.

पेपरात प्रश्न आला, वडिलोपार्जित मिळकतीतील मुलीचा हक्क स्पष्ट करा. मला हसूच फुटलं, इतका तो पाठ होता. चार पानं लिहिली. मुलगी जन्मतःच मुलाइतकीच हक्कदार आहे, तिचं लग्न झाल्यानं त्या हक्काला बाधा येत नाही, या वाक्याखाली पट्टी धरून रेघ ओढली. बाहेर आल्यावर मैत्रिणींना म्हटलं, हा प्रश्न कुणी सोडला असेल तर त्यानं वकिलीच सोडावी.

गुरुवारी सकाळी मी एसटीनं मंगळवेढ्यात उतरले. निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकावर बाबा, आत्या आणि सवी बसलेले. सवीला अकलूजला उसाच्या बागायतीत दिलेली. कडेवर वर्षाचं मूल, हातात पिशवी. आत्यानं पदराच्या गाठीतून तिळाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. “परीक्षा हाय न्हवं. डोस्कं चालाय पायजे.”

आत गर्दी होती. शाईचा आणि घामाचा वास, वर गरगरणारा पंखा, फोटो काढायचा छोटा कॅमेरा. बाबांनी ओळखीच्या तीन-चार जणांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं, माझी मुलगी वकिलीला आहे सोलापूरला. टेबलापाशी बसलेल्या दस्तलेखकानं कागद पुढं केला, तेव्हा बाबा म्हणाले, “पूजा, तूच वाचून दाखव आक्काला. तुझ्या तोंडून ऐकलं की तिलाबी बरं वाटंल.”

मी वाचलं. छान वाचलं. आरशासमोर घोटवलेल्या आवाजात, कुठंही न अडखळता. ‘सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा, हक्क व हितसंबंध मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे.’ त्या दोन पानांत एकही शब्द खोटा नव्हता, आणि आत्याला त्यातला एकही शब्द कळणार नाही हे मला माहीत होतं. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा मान वळवून माझ्याकडं बघू लागला, त्याचंही मला बरं वाटलं.

वाचून झाल्यावर आत्यानं विचारलं, “म्हंजी काय गं पुजे?”

आता या प्रश्नाचं उत्तर मी दोन दिवसांपूर्वी चार पानांत लिहिलं होतं. ते एका ओळीत सांगता आलं असतं. आत्या, ही जमीन निम्मी तुझी आहे, सही केलीस की ती तुझी राहणार नाही. बस्स, एवढंच. मी बाबांकडं बघितलं. ते भिंतीवरची सूचना वाचत होते.

“काही नाही गं,” मी म्हणाले. “सातबाऱ्यावर एकच नाव ठेवायचंय. कागदोपत्री काम आहे.”

आत्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. मग “बरं” म्हणाली आणि वाकून सही केली. ती सही मीच तिला शिकवली होती, शाळेत असताना, आगटीशेजारच्या मातीत काडीनं गिरवून. अधिकाऱ्यानं न बघताच विचारलं, वाचून दाखवलं का, समजलं का. आत्या म्हणाली, “व्हय. पोरीनं वाचलंय की.” आणि ओळख पटवणारी म्हणून मी माझी सही केली. या बाईंना मी व्यक्तिशः ओळखते, अशा अर्थाचं तिथं लिहिलेलं होतं.

बाबांनी हिरवी इरकल आणली होती. चहा झाला. मग सगळे शेतात गेलो, कारण हुरड्याचे दिवस होते आणि आत्या आली होती. तिनं नेहमीसारखं कणीस रगडलं, फुंकर मारली, पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. दुसरीला हात पुढं केला नाही. सगळे म्हणाले, परीक्षेचं टेन्शन आहे पोरीला.

त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले.

तेव्हापासून मी स्वतःला पुष्कळ वेळा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. का केलंस असं? बाबांची भीती होती? बाबा काय करणार होते, फार तर दोन दिवस अबोला धरला असता. मग जमिनीचा लोभ? हा प्रश्न आला की मी उत्तर टाळते, कारण बाबांना मी एकटीच आहे. म्हणजे ती सगळी जमीन पुढं माझी. का, तर मी मुलगी, आणि मुलगी जन्मतःच हक्कदार. एका मुलीचा जो हक्क मी माझ्या आवाजात वाचून घालवला, तोच हक्क मला आता फुकटात मिळणार. याला काय म्हणावं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

पण खरं कारण याहूनही लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते. त्या दिवशी त्या ऑफिसात मी पहिल्यांदा वकील दिसत होते. लोक बघत होते. बाबांची मान ताठ होती. आत्याला खरं सांगितलं असतं तर तिथं कुजबुज झाली असती, आवाज चढले असते, आणि मी पुन्हा घरातली एक आगाऊ पोरगी झाले असते. तेवढी पाच मिनिटं मला सोडवेनात. आत्यानं निम्मी जमीन सोडली आणि मला पाच मिनिटांचा रुबाब सोडता आला नाही.

पुढं डिग्री झाली, सनद मिळाली, आणि आता काय करायचं हा प्रश्न आला. या प्रश्नाचं उत्तर मला सोडून सगळ्यांकडं तयार असतं. बाबांचं म्हणणं, जज हो. लाल दिव्याची गाडी आता नसते हे त्यांना कितीदा सांगितलं तरी त्यांच्या स्वप्नात ती असतेच. मैत्रिणींचं म्हणणं, बँकेत विधी अधिकारी हो, शनिवार-रविवार मोकळे. वर्गातली दोन मुलं पुण्याला कंपन्यांत लागली, दिवसभर गार खोलीत करार तपासतात. दर महिन्याला मी नवा रस्ता निवडायची आणि पुस्तकं बदलायची.

रस्ता कोणताही निवडला तरी त्याच्या कडेला निबंधकाच्या ऑफिसबाहेरचं ते बाक दिसायचं. जज व्हावं म्हटलं, तर उंच खुर्चीवर बसून मीच अधिकाऱ्यासारखं न बघता विचारणार, समजलं का? बँकेत गेले तर पुन्हा कागदावर सह्या घेणंच. कंपनीचं काम मात्र मनापासून आवडायचं. ते का आवडतं हे कळल्यावर मात्र मला माझीच किळस आली. तिथं कागदासमोर कागद असतो. तिळाचा लाडू घेऊन समोर कुणी आत्या बसलेली नसते.

असं चालढकल करत असताना मी सोलापूर कोर्टात एका बाईंच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागले. त्यांना आम्ही मॅडमच म्हणतो. बोलायला फटकळ, चहा बिनसाखरेचा, आणि एक सवय अशी की नवीन ज्युनिअरला वेडेपणाच वाटावा. अशिलाला कागद वाचून दाखवला की मॅडम तो टेबलावर पालथा घालतात, वर हात ठेवतात आणि म्हणतात, “हं, आता तुम्ही सांगा मला. यात काय लिहिलंय?” समोरचं माणूस गोंधळतं. चुकीचं सांगतं. मॅडम कागद उलटा करून पुन्हा पहिल्यापासून वाचतात, साध्या शब्दांत. एकदा एका म्हातारीसाठी त्यांनी पाच वेळा कागद पालथा घातला. बाहेर रांग लागलेली. मी कंटाळून घड्याळाकडं बघितलं, तर मॅडम म्हणाल्या, “पूजा, वाचता सगळ्यांनाच येतं. समोरच्याला कळलं की आपण वाचलं.”

त्या अगदी सहज बोलल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

यंदाच्या जानेवारीत पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. मुलाखत झाली होती, निवड झाली होती, रविवारपर्यंत कळवा. घरात पेढे आले. शनिवारी सकाळी बस स्टँडवर उभी राहिले ती पुण्याला खोली बघायला जायचं म्हणून, आणि बसले मंगळवेढ्याच्या गाडीत. का ते मला नीट सांगता येणार नाही. फलाटावर कुणीतरी कणसांचं पोतं टेकवून ठेवलं होतं, एवढं आठवतं.

मंगळवेढ्यात गाडी बदलून आत्याच्या गावात पोचले तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. मधल्या काळात आत्याचे यजमानही गेले होते, आणि त्यांच्या वर्षश्राद्धानंतर मी तिकडं फिरकले नव्हते. आत्या घरामागच्या शेतात आगटीपाशी होती. सवी संक्रांतीला माहेरी आलेली. पोर मोठं झालं होतं, ज्वारीत शिरून लपत होतं. मला बघून सवी उठली, आत्या बसल्या जागीच म्हणाली, “ये. कोर्टाला सुट्टी हाय व्हय?”

मी तिच्यापुढं बसले आणि घडाघडा बोलून टाकलं. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. “आत्या, त्या दिवशी मी कागद वाचला, पण तुला सांगितलं नाही. निम्मी जमीन तुझी होती. मला माहीत होतं. दोन दिवस आधीच पेपरात लिहिलं होतं मी ते. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.”

सवी वाटीत चटणी काढत होती, तिचा हात थांबला. आत्यानं निखाऱ्यातलं कणीस फिरवलं.

“मला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“काय?”

“बचत गटाच्या बैठकीत बाईनं सांगितलं हुतं की. पोरीलाबी सारखा वाटा असतुया म्हून. तलाठ्याचा कागद आलता तवाच मी इचारून घेतलं.”

“मग तू मला का विचारलंस, म्हणजे काय म्हणून?”

“बघत हुते,” आत्या म्हणाली. “माझी पोर काय सांगती ते.”

ज्वारीतून वारा गेला. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचाही मला अधिकार वाटेना. मी म्हणाले, आत्या, अजून कोर्टात जाता येईल, मीच बाबांशी बोलते, तो कागद रद्द करायला…

“गप,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तू सांगितलं असतंस तरी बी म्या सोडलीच असती. दत्ता माझा धाकला भाव हाय, त्येला न्हाय तर कुणाला देऊ? पर तवा ती म्या दिली असती, पुजे. आता ती तुमी घेतलेली हाय. तुला ह्यातला फरक कळतुया न्हवं? शिकलीस की एवढी.”

मी मान हलवली. तलाठ्यापुढं आमच्या घरची माणसं हलवतात तशी.

मग आत्या उठली, घरात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेले कागद घेऊन आली. पिशवीबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला. पेटीतल्या त्या हिरव्या इरकलीच्या घडीखाली ठेवलेले असणार ते. ती साडी तिनं कधी नेसलेली मी बघितली नव्हती.

“सुरेशनं केल्यात,” आत्या म्हणाली. सुरेश म्हणजे सवीचा भाऊ. “सोमवारी हापिसात जायचं म्हंतुया. त्येच्या बापाची जमीन, सवीनं सोडायची. सोडू दे न्हाय तर न्हाय सोडू दे, ती तिचं बघंल. म्या मधी पडणार न्हाय.” तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवले. “पर ह्या खेपंला नीट वाच.”

पुण्याचं ते पत्र अजून माझ्या फोनमध्ये आहे. मुदत मात्र संपून गेली.

मी कागद उघडला. तेच शब्द होते, अविभक्त हिस्सा, स्वखुशीने, कायमचा. एक ओळ वाचायची, थांबायचं, ती आमच्या बोलीत सांगायची, मग पुढची. माझा आवाज कोर्टातला नव्हता. दोनदा अडखळले. सवीचं पोर येऊन तिच्या पाठीवर लोंबकळलं, तिनं त्याला न हटकता ऐकलं. शेवटची ओळ झाल्यावर मी कागद जमिनीवर पालथा घातला आणि त्यावर हात ठेवला.

“सवे, आता तू सांग मला. यात काय लिहिलंय?”

सवीनं आईकडं बघितलं. आत्या खाली मान घालून कणीस रगडत होती. सवीनं बोटं मोजली. मग हळूच म्हणाली, “म्हंजी… आईचा एक, दादाचा एक, आन् तिसरा वाटा माझा हाय?”

“व्हय,” मी म्हणाले.

आत्यानं दोनदा फुंकर मारली. फोलपट उडून माझ्या अंगावर आलं. पहिली मूठ तिनं सवीच्या हातावर ठेवली. मग एक नवं कणीस उचलून निखाऱ्यात खोचलं.

“थांब जरा,” ती मला म्हणाली. “भाजू दे.”